परमुलखाचे वकीलपत्र

वकिली करणाऱ्या मनुष्यास फावल्या वेळी काय वाचावेसे वाटते असे कोणी विचारले, तर संतवाङ्मय, प्रवासवर्णन, निदान एखादी रहस्यकथा असे उत्तर अपेक्षित असते. आम्हांस मात्र परक्या देशांतील न्यायालयांची निकालपत्रे वाचण्याची जुनी खोड आहे. दिवसभर खटल्यांचे कागद चाळून घरी यावयाचे आणि पुन्हा कागदच चाळावयाचे, हे घरच्या मंडळींस चमत्कारिक वाटते. पण पंगतीचा स्वयंपाक करून दमलेला आचारीही दुसऱ्या आचाऱ्याची आमटी चाखून पाहतोच की!

अशाच वाचनात नैरोबीच्या उच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०२० रोजी दिलेले एक निकालपत्र आमच्या हाती आले. ते वाचता वाचता आमची अवचित गाठ आपल्याच सर्वोच्च न्यायालयाशी पडली. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या अर्जावर २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिल्लीत नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितले होते की, मनुष्याचा खाजगीपणा हा त्याच्या मूलभूत हक्कांचाच भाग आहे. केनियाचे तीन न्यायाधीश त्याच निर्णयाचा आधार घेऊन आपल्या प्रजाजनांचा प्रश्न सोडवीत होते. काशीच्या घाटावर आपल्या गावचा भटजी दिसावा आणि यात्रेकरूने हरखून जावे, तसे आमचे झाले.

तो प्रश्न काय होता हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. केनिया सरकारने प्रत्येक नागरिकास एक क्रमांक देण्याची ‘हुदुमा नंबा’ नावाची योजना काढली. स्वाहिली भाषेत हुदुमा म्हणजे सेवा. आपल्या ‘आधार’ची ती आफ्रिकी बहीणच. बोटांचे ठसे घ्यावयाचेच. पण कायद्यात शरीरातील आनुवंशिक द्रव्याचा नमुना आणि घराचे उपग्रहाने मोजलेले ठिकाण घेण्याचीही तरतूद करून ठेवलेली. योजनेविरुद्ध उभे राहिले ते प्रामुख्याने न्युबियन लोक. इंग्रजांनी या लोकांच्या पूर्वजांना सुदानातून सैनिक म्हणून आणले आणि नैरोबीजवळ किबेरा येथे वसविले. पिढ्या गेल्या, तरी त्यांच्या मुलांस ओळखपत्र मिळविण्यासाठी चौकशी समितीपुढे उभे राहून आपण परके नाही हे सिद्ध करावे लागे. ज्याला जुने ओळखपत्रच मिळत नाही, त्याला नवा क्रमांक मिळणार कोठून? आणि क्रमांकावाचून शाळा, दवाखाना, धान्य या सर्वांचीच दारे लागली तर?

न्युबियनांच्या संस्थेने व केनियातील मानवी हक्कांच्या संस्थांनी अर्ज केले. अर्जदारांच्या बाजूने साक्ष देण्यास, आधारचा तांत्रिक अंगाने अभ्यास केलेला एक भारतीय तज्ज्ञ होता. आपल्याकडील २०१८ च्या आधार-निकालाचीही तेथे चर्चा झाली, आणि जमेका बेटाच्या न्यायालयाने २०१९ साली तशाच कायद्याविरुद्ध दिलेल्या निकालाचीही. म्हणजे नैरोबीच्या एका दालनात तीन खंडांचे कायदेपंडित जमले होते म्हणावयाचे! न्यायालयाने आनुवंशिक नमुना आणि घराचे ठिकाण घेण्यास मनाई केली, आणि आधी पुरेसा कायदा व नियम करा, मग योजना राबवा, असे बजावले. पुढे १४ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या न्यायमूर्तींनी, धोक्याची आगाऊ तपासणी न करता कार्डे वाटणे बेकायदा ठरविले. त्या अर्जात एका संस्थेबरोबर यश पाल घई यांचे नाव होते. केनियात जन्मलेला, पंजाबी वंशाचा हा घटनातज्ज्ञ. त्यांच्या पूर्वजांनी समुद्र ओलांडला तेव्हा क्रमांक कोणाला होता?

हे सारे आम्ही एका ज्येष्ठ वकीलमित्रास उत्साहाने सांगितले. मित्र सश्रद्ध, देवस्थानचे महाजन, आणि स्वभावाने रोखठोक. त्यांनी पानाचा विडा तोंडात सारीत विचारले, “आमकां ताचें कितें पडलां?” प्रश्न अगदीच गैरवाजवी नाही. आफ्रिकेतील पंचावन्नच्या आसपास राष्ट्रे, त्यांचे कायदे वेगळे, भाषा वेगळ्या. त्यांतील हक्कांच्या कैवाऱ्यांनी एकमेकांच्या देशांत हात घालावा हेच पुष्कळांस पटत नाही. मग गोव्यातल्या वकिलाने त्यावर चार पाने कशाला काळी करावीत? मित्रास तेथल्या तेथे जे सांगता आले नाही ते येथे सावकाश सांगतो.

प्रथम कॅमेरून देशाकडे पाहावे. या देशाचा मोठा भाग फ्रेंच बोलतो आणि पश्चिमेकडील दोन प्रांत इंग्रजी. इंग्रजी प्रांतांतील न्यायालयांत फ्रेंच पद्धतीत शिकलेले न्यायाधीश नेमले जाऊ लागले, तेव्हा २०१६ च्या ऑक्टोबरात तेथील वकील काळे झगे घालून रस्त्यावर उतरले. मागोमाग शिक्षकही आले. सरकारने १७ जानेवारी २०१७ रोजी त्या दोन प्रांतांचेच इंटरनेट तोडले. शेजारच्या फ्रेंच प्रांतात सर्व सुरळीत, आणि येथे ९३ दिवस काळोख. कॅमेरून पर्वताच्या पायथ्याशी बुएया नावाचे नगर आहे. तेथील तरुणांनी संगणकाचे इतके उद्योग काढले होते की लोक त्यास ‘सिलिकॉन पर्वत’ म्हणत. ही तरुण मंडळी मग गाड्या करून प्रांताच्या सीमेवरील बोनाको या खेड्यात जाऊ लागली. पलीकडच्या प्रांताचा संदेश तेथवर पोहोचत असे. तेथे त्यांनी एक खोली घेतली, जोडणीची लहान उपकरणे मांडली, आणि त्या जागेस नाव दिले ‘इंटरनेट निर्वासितांची छावणी’. बायकामुलांचा निरोप घ्यावयाचा, दिवसभराचे काम पाठीवर घ्यावयाचे, सीमेवर जाऊन जगाशी बोलावयाचे आणि अंधार पडता परतावयाचे.

अंत्रुज महालात ज्यांची कुलदैवते आहेत त्या आमच्या वाचकांस या वर्णनात काही ओळखीचे वाटले तर नवल नाही. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा या नदीपलीकडे आल्या त्या हौसेने नव्हे. एका राज्यात पूजा अशक्य झाली तेव्हा दुसऱ्या राज्याची हद्द जवळ होती, एवढीच त्या काळी आपल्या पूर्वजांची शक्ती. दोन गोष्टींची तुलना फार ताणू नये हे आम्ही जाणतो. तथापि, सीमा ही कधी भिंत असते आणि कधी उंबरठा, हे आपल्या समाजास कोणी पुस्तकातून शिकविण्याची गरज नाही.

आता वकिली दृष्टीने पाहा. इंटरनेट तोडले, हे सिद्ध कसे करणार? ज्याचे तोडले त्याला ओरडून सांगताही येत नाही. साक्षीदाराचे तोंड बांधूनच गुन्हा करावा तसा हा प्रकार. सरकार म्हणते, काही तांत्रिक बिघाड असेल. यास्तव पुरावा बहुधा देशाबाहेर गोळा होतो. बाहेरच्या देशांत बसलेले तंत्रज्ञ त्या देशाच्या जाळ्याची नाडी मोजत असतात आणि ती केव्हा मंदावली, केव्हा थांबली, याची तास-मिनिटांसह नोंद ठेवतात. ‘ऊनी’ नावाच्या प्रकल्पाने तर सामान्य माणसाच्या फोनवर अशी मोजणी करण्याची सोय केली आहे. झिंबाब्वेत जानेवारी २०१९ मध्ये इंटरनेट बंद झाले, तेव्हा इकोनेट या दूरध्वनी कंपनीने ग्राहकांस संदेश पाठवून कळविले की आम्हांस सरकारचा तसा आदेश आहे. पत्रकारांची एक संस्था आणि वकिलांची एक संस्था न्यायालयात गेल्या. पत्रकारांची संस्था ही मुळात दक्षिण आफ्रिका खंडातील अनेक देशांत शाखा असलेली. हरारेच्या उच्च न्यायालयाने २१ जानेवारीस ठरविले की ज्या मंत्र्याने हा आदेश काढला त्याला तो काढण्याचा अधिकारच नव्हता. भाषणस्वातंत्र्याच्या मोठ्या प्रश्नात न्यायालय शिरले नाही; ‘तुमची सही येथे चालत नाही’ एवढेच म्हणाले. आमच्या धंद्यातील अनुभव असा की, मोठ्या तत्त्वांपेक्षा अशा चुकलेल्या सहीनेच पुष्कळदा माणसे सुटतात.

पण सर्वत्र हरारे नसते. घरचे न्यायालय सरकारच्या तोंडाकडे पाहते तेव्हा काय करावे? येथे पश्चिम आफ्रिकेने एक फार मोलाची सोय करून ठेविली आहे. त्या भागातील राष्ट्रांच्या आर्थिक संघाचे, ज्याला इकोवास म्हणतात त्याचे, नायजेरियातील अबुजा येथे एक न्यायालय आहे. व्यापारी तंट्यांसाठी कल्पिलेल्या या न्यायालयास २००५ साली मानवी हक्कांचे खटले ऐकण्याचा अधिकार मिळाला, आणि सामान्य माणसास थेट दार ठोठावण्याची मुभाही. यातील खरी खुबी वकिलासच कळेल. बहुतेक आंतरराष्ट्रीय मंडळांपुढे जाण्याआधी स्वदेशातील सर्व पायऱ्या चढून, सर्व अपिले हरून यावे लागते. तोवर अर्जदाराचे केस पांढरे होतात. अबुजात ती अट नाही.

टोगो हा देश नकाशावर अगदी सुरीच्या पात्यासारखा चिंचोळा. एकाच घराण्याची सत्ता तेथे १९६७ पासून. तिच्याविरुद्ध सप्टेंबर २०१७ मध्ये लोक रस्त्यावर आले, आणि सरकारने इंटरनेट बंद केले. टोगोमधील संस्था व एक पत्रकार अबुजास गेले. त्यांच्या पाठीशी बाहेरच्या देशांतील वकील उभे राहिले, आणि इतर संस्थांनी न्यायालयमित्र म्हणून एकत्र निवेदन सादर केले. सरकारने दोन आक्षेप घेतले. संस्थांना कसले आले मानवी हक्क, हा एक. आणि देशाची सुरक्षितता, हा दुसरा. २५ जून २०२० रोजी न्यायालयाने दोन्ही फेटाळले. इंटरनेट हा स्वतंत्र मूलभूत हक्क नसला तरी विचार प्रकट करण्याच्या हक्कास तो इतका चिकटलेला आहे की एक तोडल्यावाचून दुसरा तुटत नाही. आणि सुरक्षिततेसाठी तोडावयाचेच असेल तर तसा कायदा दाखवा. कायदा दाखविता आला नाही. प्रत्येक अर्जदारास वीस लक्ष फ्रँक देण्याचा हुकूम झाला. पश्चिम आफ्रिकेचा फ्रँक हलका असल्याने ऐकून वाटते तेवढी ही रक्कम मोठी नव्हे. पण त्या निकालाचा वंशविस्तार पाहावा. नायजेरियाने जून २०२१ मध्ये ट्विटर बंद केले, ते सात महिने बंद राहिले. अबुजाने १४ जुलै २०२२ रोजी ती बंदी बेकायदा ठरविली. गिनीविरुद्ध २०२३ मध्ये आणि सेनेगलविरुद्ध १४ मे २०२५ रोजी तेच झाले. टोगोच्या अर्जदारांनी लढून मिळविलेली वाट नायजेरियाच्या, गिनीच्या, सेनेगलच्या माणसास मोकळी झाली. परमुलखाचे वकीलपत्र घेण्याचा अर्थ आम्ही एवढाच समजतो.

या मंडळींनी केवळ खटलेच लढविले असे नाही. सन २०१४ मध्ये त्यांनी ‘इंटरनेटवरील हक्क व स्वातंत्र्ये यांचा आफ्रिकी जाहीरनामा’ तयार केला. त्यात एकाही सरकारची सही नव्हती. खाजगी माणसांनी लिहिलेल्या कागदास कायद्यात किंमत काय, असे कोणीही विचारील. आफ्रिकी मानवी हक्क आयोगाने नोव्हेंबर २०१६ मध्ये इंटरनेटवरील स्वातंत्र्याबाबत ठराव केला, त्यात या जाहीरनाम्याची दखल घेतली. मग २०१९ मध्ये त्याच आयोगाने विचारस्वातंत्र्याची तत्त्वे नव्याने मांडली, आणि राज्यांनी इंटरनेटमध्ये व्यत्यय आणू नये असे त्यांतील ३८ व्या तत्त्वात स्पष्ट लिहिले. आता वकील न्यायालयात हे तत्त्व वाचून दाखवितो. ओढ्याचे पाणी असे हळूहळू पाटात येते. उलट, सरकारांनी स्वतः केलेल्या कराराची गती पाहा. सायबर सुरक्षा व व्यक्तिगत माहितीचे रक्षण यांविषयीचा आफ्रिकी संघाचा करार मालाबो येथे २७ जून २०१४ रोजी मंजूर झाला; पंधरा राष्ट्रांची मान्यता मिळून तो अमलात येण्यास ८ जून २०२३ उजाडला. नऊ वर्षे! आमच्याकडील एखाद्या मुंडकाराच्या दाव्याचे वय झाले हे.

या लोकांची भेट होते कोठे, तर एका फिरत्या मेळ्यात. कंपालातील ‘सिपेसा’ या संस्थेने २०१४ मध्ये तेथे पहिली परिषद भरविली. पुढे ती जोहान्सबर्ग, अक्रा, अदिस अबाबा, लुसाका, दार-एस-सलाम, डाकार अशी हिंडत राहिली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नामिबियातील विंडहुक येथे भरली. विंडहुकचे महत्त्व निराळे आहे. आफ्रिकी पत्रकारांनी १९९१ मध्ये तेथेच वृत्तपत्रस्वातंत्र्याची घोषणा केली होती, आणि ३ मे हा जागतिक वृत्तपत्रस्वातंत्र्यदिन मानला जातो तो तीवरूनच. वकील, पत्रकार, संगणकतज्ज्ञ, स्त्रियांच्या संस्था चालविणाऱ्या कार्यकर्त्या अशी सर्व जातीची माणसे या मेळ्यास येतात. आपल्याकडे कारवार, मंगळूर, मुंबई येथे विखुरलेले कुळावी जत्रेस जमतात. पालखीचे दर्शन होते हे खरेच. पण अग्रशाळेत बसून मुलीचे लग्न, वाटणीचा तंटा, नोकरीची शिफारस ही कामे जी होतात ती वर्षभर पुरतात. परिषदांचेही तसेच असावे. व्यासपीठावरील भाषणे कोणाच्या लक्षात राहतात? पण कॅमेरूनच्या वकिलाजवळ केनियाच्या वकिलाचा फोन नंबर असतो, आणि रात्री दोन वाजता इंटरनेट तुटल्याची वार्ता येते तेव्हा तो नंबर कामास येतो.

परक्या देशाचा वकील येथे कशाला, असा आक्षेप घेणारांस आम्ही कापेनगुरियाची आठवण देऊ. जोमो केन्याटा आणि त्यांचे पाच सहकारी यांच्यावर इंग्रज सरकारने १९५२ च्या अखेरीस खटला भरला, तो नैरोबीत नव्हे, तर दूर उत्तरेस कापेनगुरिया नावाच्या आडगावी. तेथे रेल्वे नाही, दूरध्वनी नाही, उतरण्यास जागा नाही, कायद्याची पुस्तके नाहीत. बचावाच्या वकिलांनी काही मैलांवरच्या किटाले गावी राहून रोज धूळ खात जावयाचे. आणि हे वकील कोण? इंग्लंडचे प्रिट, नायजेरियाचे डेव्हिस, जमेकाचे डडली थॉम्प्सन, भारतातून गेलेले दिवाण चमनलाल, नैरोबीचे कपिला व जसवंतसिंग, आणि एक नुकताच वकील झालेला तरुण, फिट्झ डिसोझा. मुंबईत जन्मलेला, गोमंतकीय आईबापांचा हा मुलगा पुढे स्वतंत्र केनियाच्या संसदेचा उपसभापती झाला. खटला हरला, ८ एप्रिल १९५३ रोजी केन्याटांस सात वर्षे सक्तमजुरी झाली. न्यायाधीशाचा कल पहिल्या दिवसापासून उघड होता. परंतु चार खंडांतील वकील त्या आडगावी जाऊन बसले म्हणूनच तो खटला जगाच्या डोळ्यांपुढे चालला. आफ्रिकेच्या आजच्या हक्क-कैवाऱ्यांनी परदेशी वकिलाचे तंत्र कोठल्या पाश्चात्य संस्थेकडून उसने आणले, असे जे म्हणतात त्यांनी हा इतिहास पाहावा.

शिवाय या खंडाच्या कायद्याशी आपला घरोबा आहे. केनिया, युगांडा या प्रदेशांत १९३० पर्यंत फौजदारी न्याय चाले तो आपल्या १८६० च्या भारतीय दंडसंहितेने. इंग्रजांनी एकच कापड फाडून सर्व वसाहतींचे सदरे शिवले. म्हणून तेथील एखादे कलम रद्द झाल्याचे वाचले की आमचा हात नकळत आपल्या पुस्तकातील त्याच्या भावंडाकडे जातो.

गोव्याचा संबंध तर याहून जवळचा. पोर्तुगीज अमदानीत साधी लग्नपत्रिका छापावयाची तरी आधी सेन्सॉरची मंजुरी लागे, असे वडीलधारी मंडळी सांगत. छापखान्यातील खिळे जुळविणारा हात थांबविणे आणि आजची तार तोडणे यांत आम्हांस तत्त्वतः फरक दिसत नाही. एप्रिल १९६१ मध्ये मोरोक्कोतील कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रीय चळवळींची परिषद भरली. अंगोला, मोझांबिक, गिनी यांच्याबरोबर तीत गोव्याचेही प्रतिनिधी होते. बार्देशात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा त्या कार्यात होते. पुढे ते मोझांबिकचे अध्यक्ष समोरा माशेल यांचे सल्लागार झाले आणि १९८६ मध्ये माशेल यांच्याच विमानाच्या अपघातात गेले. नैरोबीत जन्मलेले पियो गामा पिंटो तरुणपणी गोव्याच्या मुक्तीसाठी झटले, नंतर केनियाच्या मुक्तीसाठी इंग्रजांच्या बंदिवासात राहिले, आणि २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत गोळीस बळी पडले. कासाब्लांकानंतर आठ महिन्यांनी गोवा मुक्त झाला, आणि अंगोला-मोझांबिकास त्यानंतर चौदा वर्षे लढावे लागले. आमचे काम झाले म्हणून आम्ही पाठ फिरविली असे कोणी म्हटले, तर त्याला उत्तर देणे सोपे नाही. आमच्या मित्राच्या प्रश्नास आम्ही देतो ते उत्तर हेच.

आता या सहकार्याच्या वाटेतील खड्डेही सांगितले पाहिजेत. गुणगान करण्यास भाट पुष्कळ आहेत. भाषेचा खड्डा पहिला. इंग्रजी, फ्रेंच, पोर्तुगीज, अरबी अशा चार कप्प्यांत खंड विभागलेला. टोगोचा अर्ज फ्रेंच भाषेतील, त्याला नायजेरियातील मित्र इंग्रजीत कागद देणार, आणि अनुवादाचा खर्च कोणी द्यावयाचा यावर पंधरा दिवस जाणार! मराठी-कोंकणीच्या वादात ज्यांनी आयुष्ये घालविली त्यांस याची कल्पना सहज येईल. पैशाचा खड्डा याहून खोल. यांतील पुष्कळ संस्था परदेशी देणग्यांवर चालत आल्या आहेत. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये आपली परदेशी मदत एकाएकी गोठविली आणि १ जुलैस तिची मदतसंस्थाच बंद झाली, तेव्हा अनेक ठिकाणची कामे अर्ध्यावर राहिली. दुसऱ्याच्या तेलावर जळणाऱ्या दिव्यास वाऱ्यापेक्षा तेलाच्या मालकाचे भय अधिक असते. स्वदेशातील वर्गणीवर अशी संस्था चालविता येईल काय? आमच्या मते यावे; पण ज्या देशांत वर्गणीदाराचे नाव सरकारला कळणे हेच संकट, तेथे हा उपदेश आम्ही दुरून करणे शोभत नाही.

परंतु सर्वांत चिंतेची गोष्ट न्यायालयांची दारेच लागण्याची. विंडहुक येथे दक्षिण आफ्रिकी राष्ट्रसंघाचे एक न्यायासन होते. झिंबाब्वेतील जमिनींच्या प्रश्नावर त्याने २००८ मध्ये सरकारविरुद्ध निकाल दिला. २०१० मध्ये त्याचे कामकाज थांबविण्यात आले, आणि २०१२ मध्ये राष्ट्रप्रमुखांनी ठरविले की यापुढे सामान्य माणसाने तेथे येऊच नये. आफ्रिकी मानवी हक्क न्यायालयाची बैठक टांझानियातील अरुशा येथे आहे. आणि नागरिकास थेट त्या न्यायालयात जाऊ देण्याची संमती नोव्हेंबर २०१९ मध्ये मागे घेतली ती त्याच टांझानियाने! देवालय अंगणात, आणि यजमान म्हणतो की घरच्यांनी दर्शनास जावयाचे नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी माली, बुर्किना फासो आणि नायजर ही तीन राष्ट्रे इकोवास संघातून बाहेर पडली. सैनिकी राजवटींचा हा निर्णय वृत्तपत्रांत व्यापार आणि सैन्य यांच्या अंगाने चर्चिला गेला. वकिलास त्यात दिसते ते निराळे. नियामे नगरात उद्या तार तुटली, तर टोगोच्या पत्रकाराने उघडलेली अबुजाची वाट तेथील पत्रकारास मोकळी राहिली नाही. शेजाऱ्यांनी त्याच्यासाठी काय करावयाचे, हा प्रश्न आम्हांस त्या मंडळींच्या सर्व परिषदांहून मोठा वाटतो.

आपल्या देशाविषयी येथे दोनच शब्द. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी, म्हणजे नैरोबीच्या त्या निकालाच्या वीस दिवस आधी, काश्मीरच्या प्रकरणात सांगितले की बेमुदत इंटरनेट बंदी कायद्यास मान्य नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. तत्त्व उत्तम. तरी काश्मीरमध्ये वेगवान इंटरनेट पूर्ववत झाले ते फेब्रुवारी २०२१ मध्ये. आणि मणिपुरात मे २०२३ पासून कित्येक आठवडे बंदी राहिली. लहानसहान गावी परीक्षेच्या दिवशी इंटरनेट बंद करण्याचीही आपल्याकडे रीत पडली आहे. तेव्हा आम्ही आफ्रिकेकडे पाहतो ते पंतोजीच्या नजरेने नव्हे. आमचे निकाल त्यांनी वाचले. त्यांचे आम्ही वाचावेत, एवढा व्यवहार तरी दोन्ही बाजूंनी व्हावा.

सध्या आमच्या मेजावर आहे तो पुन्हा नैरोबीचाच कागद. इथिओपियातील बाहिर दार विद्यापीठात रसायनशास्त्र शिकविणारे प्राध्यापक मेअरेग अमारे यांची नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांच्या घराबाहेर हत्या झाली. त्याआधी त्यांचे नाव, छायाचित्र आणि पत्ता देऊन त्यांच्याविरुद्ध द्वेष पसरविणारा मजकूर फेसबुकवर फिरत होता. तो काढून टाकावा म्हणून त्यांच्या मुलाने कंपनीस विनविले होते, असे त्याचे म्हणणे आहे. मुलाने दाद मागावी कोठे? इथिओपियात युद्ध पेटलेले, कंपनी कॅलिफोर्नियाची. परंतु पूर्व आफ्रिकेतील मजकूर तपासणारी माणसे कंपनीने त्या काळी नैरोबीत बसविली होती. हा धागा पकडून डिसेंबर २०२२ मध्ये त्याने, आणखी एका इथिओपियन अर्जदारासह आणि केनियातील ‘कातिबा’ संस्थेसह, नैरोबीच्या उच्च न्यायालयात अर्ज केला. घई यांच्याबरोबर २०२१ च्या त्या अर्जात होती तीच ही संस्था. इतर अनेक संस्था हितसंबंधी पक्षकार म्हणून पुढे आल्या. कंपनी म्हणाली, केनियाच्या न्यायालयाचा आमच्यावर अधिकार नाही. ३ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने ठरविले की अधिकार आहे, आणि खटला येथेच चालेल. आम्ही तो निर्णय दोनदा वाचला, आणि आमच्या वकीलमित्राकडेही त्याची एक प्रत पाठविली आहे.